आलेल्या पैशात आपले किती? स्वतंत्र काम करणाऱ्या इंटिरियर डिझायनरसाठी कर आणि खर्चाचा हिशेब

कोथरूडच्या एका कुटुंबाने टू बीएचकेच्या कामाचा पहिला हप्ता मला पाठवला तो ३,५०,००० रुपयांचा. त्यात माझी फी होती ६०,०००. बाकीचे २,९०,००० प्लायवूडचे, सनमायक्याचे, हार्डवेअरचे आणि सुतारांच्या उचलीचे. पण बँकेच्या पासबुकात तसं काही लिहिलेलं नसतं. तिथे एकच ओळ उमटते, माझ्या नावापुढे साडेतीन लाख जमा. पहिल्या वर्षाच्या शेवटी सीएंनी स्टेटमेंट पाहिलं आणि विचारलं, "यातले तुमचे किती?" ते शोधायला मला साइटच्या डायऱ्या, दुकानांची बिलं आणि फोनवरचे जुने मेसेज घेऊन सलग अकरा संध्याकाळी बसावं लागलं. फी सात लाखांच्या आसपास होती आणि खात्यातून फिरलेली रक्कम एकतीस लाखांवर.

नव्याने स्वतःचं काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना तशा अकरा संध्याकाळी घालवायला लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा त्या तारखेनंतरच्या उत्पन्नासाठी हे क्रमांक जसेच्या तसे वापरू नका.

पहिली पायरी: फीचं काम की टर्नकी, ते ठरवा

आपल्या धंद्यात कामाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत आपण ड्रॉइंग देतो, साइटवर देखरेख करतो आणि त्याची फी घेतो. दुसरीत, म्हणजे टर्नकीत, सगळं काम अंगावर घेतो: "चौदा लाखांत घर तयार करून देते," असं सांगून माल आपण आणायचा, सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन आपणच लावायचे. ग्राहकाला यात फारसा फरक जाणवत नाही, पण कराच्या दृष्टीने ही दोन वेगळी उत्पन्नं आहेत.

इंटिरियर डेकोरेशन हा आयकर कायद्याने नाव घेऊन सांगितलेल्या व्यवसायांपैकी एक आहे. वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए यांच्याच यादीत आपण आहोत. त्यामुळे फीच्या कामाला कलम ४४एडीएची सोपी पद्धत मिळते (ती पुढे सांगते). टर्नकी काम मात्र कंत्राट ठरतं, आणि त्यासाठी छोट्या धंद्यांची ४४एडी ही पद्धत आपल्याला सरळ वापरता येत नाही. यादीतला व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीला ४४एडी लागू नाही, असं त्या कलमातच म्हटलं आहे. म्हणून टर्नकी घेत असाल तर त्या कामाचे हिशेब पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवा आणि पहिलं कंत्राट सही करण्याआधी सीएंकडे एक चक्कर मारा. दोन्ही प्रकारची कामं असतील तर बिलांच्या मालिकाही दोन ठेवा.

तिसरं उत्पन्न म्हणजे कमिशन. लाइट, टाइल्स, सोफ्याच्या कापडाची दुकानं डिझायनरला टक्केवारी देतात. ती फी नाही, वेगळं उत्पन्न आहे आणि ते दाखवावंच लागतं. वर्षाला २०,००० च्या वर कमिशन गेलं तर बरीच दुकानं २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) कापतात, म्हणजे नोंद आपल्या पॅनवर आपोआप होते. माझं मत विचाराल तर कमिशन न घेता तेवढी सूट ग्राहकाच्या बिलात मिळवून द्यावी. घेणार असाल तर ग्राहकाला तसं सांगावं. तो आपल्या शब्दावर लाखोंचा माल उचलत असतो.

दुसरी पायरी: मालाचे पैसे आपल्या खात्यात आणूच नका

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर हे करा. दुकानाचं बिल ग्राहकाच्या नावावर घ्या आणि पैसेही ग्राहकालाच थेट दुकानदाराला द्यायला सांगा. सुतारांच्या ठेकेदाराचा करारही शक्यतो ग्राहकाशीच करून द्या. आपण मोजमाप तपासायचं, "या हप्त्याचं काम झालं आहे" असं लिहून द्यायचं, आणि पैसे त्यांचे त्यांनी द्यायचे.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. समजा वर्षाची फी १४ लाख आहे आणि २६ लाखांचा माल-मजुरी ग्राहकांनी परस्पर दिली. ४४एडीएखाली तुमचं उत्पन्न धरलं जाईल ७ लाख, आणि नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य. आता तेच २६ लाख तुमच्या खात्यातून गेले, कागद नीट नाहीत, आणि सगळे ४० लाख तुमची फी म्हणून मोजले गेले, तर उत्पन्न होतं २० लाख. त्यावरचा कर सेससह (करावर लागणारा उपकर) २,०८,०००. शिवाय २० लाखांची मर्यादा ओलांडली म्हणून जीएसटीचा प्रश्न वेगळा.

कधीकधी ग्राहक परदेशात असतो किंवा वयस्कर असतो आणि "तुम्हीच द्या हो सगळ्यांना" म्हणतो. तेव्हा त्याच्याकडून लेखी घ्या की अमुक खरेदी तुम्ही त्याच्या वतीने करत आहात. बिल त्याच्या नावावर, रक्कम जितकी दिली तितकीच, वर एक रुपयाही न लावता, आणि आपल्या बिलात ती फीपासून वेगळी दाखवलेली. जीएसटीत याला प्युअर एजंट म्हणतात. या अटी पाळल्या तर ती रक्कम आपल्या सेवेच्या किमतीत धरली जात नाही. दोन हजारांचा माल बावीसशेला लावलात की ही सवलत गेली.

तिसरी पायरी: खाती तीन

घरखर्चाचं बचत खातं तसंच राहू द्या. कामाच्या जमेसाठी एक स्वतंत्र खातं उघडा आणि कराचे पैसे बाजूला ठेवायला आणखी एक. कराच्या खात्याचं यूपीआय फोनवर चालू करू नका, हातासरशी खर्च होतो.

फी जमा झाली की त्याच दिवशी १५ टक्के कराच्या खात्यात टाकायचे. जीएसटी लागू असेल तर तो पूर्ण तिकडेच, कारण तो आपला कधी नव्हताच. पंधरा टक्के हा कायद्याचा आकडा नाही, माझ्या कामाच्या पसाऱ्याला पुरून उरतो म्हणून मी ठरवलेला आहे. वर्षाची फी ४० लाखांच्या पुढे जात असेल तर तो वाढवा.

मग स्वतःसाठी दरमहा एक ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळती करा. तिला पगार म्हणा हवं तर, पण कराच्या हिशेबात ती खर्च नाही, उचल आहे. ही रक्कम चांगल्या महिन्याकडे पाहून ठरवू नका. आपलं काम ऋतूंवर चालतं. दिवाळीआधी घर पूर्ण हवं म्हणून लोक घाई करतात, पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला ताबा मिळतो तेव्हा फोन येतात, आणि पितृपक्षात नवं काम कोणी सुरू करत नाही. पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही म्हणून शेवटचे हप्ते अडकतात. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असेपर्यंत मी उचल वाढवली नाही आणि तुम्हालाही तेच सांगेन.

चौथी पायरी: खर्च शनिवारी लिहा

साइटवर शनिवारी मजुरी चुकती होते. त्याच संध्याकाळी मी आठवड्याचे खर्च लिहून काढते. साधी स्प्रेडशीट पुरते: तारीख, कोणाला दिले, कोणत्या साइटचे, किती, कशाने दिले, पावतीचा फोटो. "कोणत्या साइटचे" हा रकाना सोडू नका. कोणत्या कामात आपण खरंच कमावलं, हे त्यावरूनच कळतं.

पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. एका फेब्रुवारीत मी पेट्रोलच्या पावत्यांचं पाकीट उघडलं तर निम्म्या पावत्या कोऱ्या झाल्या होत्या. पंपावरचा कागद थर्मल असतो, उन्हात गाडीच्या कप्प्यात राहिला की त्यावरची अक्षरं उडून जातात.

मजुरीचं आणखी एक बारकं आहे. सुतार अनेकदा यूपीआयला पुतण्याचा किंवा बायकोचा नंबर देतो. पैसे जातात एका नावाने, काम केलेलं असतं दुसऱ्याने. त्यामुळे प्रत्येक उचलीचं व्हाउचर ठेवा: नाव, काम, रक्कम, तारीख, सही किंवा अंगठा. आणि एका माणसाला एका दिवसात रोख १०,००० पेक्षा जास्त देऊ नका. नियमित हिशेब ठेवणाऱ्याला तो खर्च करातून वजा मिळत नाही.

पूर्ण हिशेबाच्या पद्धतीत वजा मिळणारे खर्च म्हणजे ऑफिसचं भाडं, घरूनच काम असेल तर घरभाडं आणि विजेचा कामापुरता वाटा, फोन, इंटरनेट, ऑटोकॅड-स्केचअपची वर्गणी, प्लॉटरवरच्या प्रिंट, सॅम्पलची पाटी, साइटवरचा प्रवास, मदतनीसाचा पगार, सीएंची फी. घरच्यांसोबत जेवलेलं, आयकर आणि दंड यात येत नाहीत. लॅपटॉपची किंमत एकदम वजा होत नाही, त्यावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर पहिल्या वर्षी निम्माच. नोव्हेंबरमध्ये ९०,००० चा घेतला तर त्या वर्षी १८,००० आणि पुढच्या वर्षी उरलेल्या ७२,००० वर २८,८००. फर्निचरला १० टक्के.

पाचवी पायरी: ४४एडीए घ्यायचं की पूर्ण हिशेब

४४एडीएत सरकार म्हणतं, तुमच्या एकूण फीच्या ५० टक्के उत्पन्न समजा, बाकी निम्म्यात तुमचे सगळे खर्च आले. पुस्तकं ठेवायची सक्ती नाही, ऑडिट नाही. एकूण फी ५० लाखांपर्यंत असेल तर ही पद्धत घेता येते, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. "अर्धे कॅशमध्ये घ्या" म्हणणारा ग्राहक भेटतो तेव्हा हेही लक्षात ठेवा. मी रोख घेत नाही, आणि त्यामुळे हातची गेलेली कामं मोजून दोन आहेत.

२०२५-२६ ची नवी करप्रणाली अशी: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. शिवाय ४ टक्के सेस. उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एची सूट मिळून कर शून्यावर येतो. म्हणजे दुसरं काही उत्पन्न नसेल तर २४ लाखांपर्यंतच्या फीवर ४४एडीएखाली आयकर लागत नाही. पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र आपल्याला नाही. शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नावरचा कर या सवलतीत माफ होत नाही, तो धरून चला.

फी ३० लाख असेल तर उत्पन्न १५ लाख. कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ४५,०००, म्हणजे १,०५,०००. सेस धरून १,०९,२००.

खर्च खरोखर निम्म्याहून जास्त असतील, म्हणजे ऑफिस भाड्याचं, दोन ज्युनियर पगारावर, तर ५० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न दाखवता येतं. पण मग एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर पुस्तकं आणि ऑडिट दोन्ही आले. ऑडिटची फी आणि वाचणारा कर शेजारी मांडून बघा. एक गोष्ट मात्र सीए सहसा आपणहून सांगत नाहीत: पुढे गृहकर्ज घ्यायचं असेल तर बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि तिथे दाखवलेलं उत्पन्नच धरते.

जुनी करप्रणाली हवी असेल तर व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्याकडे परतलं की पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. पगारदारांसारखी दरवर्षी अदलाबदल नाही.

सहावी पायरी: टीडीएसवर डोळा ठेवा

घरगुती ग्राहक सहसा टीडीएस कापत नाही. कंपन्या, बिल्डर, आर्किटेक्टच्या फर्म कापतात. वर्षात ५०,००० च्या वर फी गेली की १० टक्के. कंत्राटी कामावर वैयक्तिक नावाने काम असेल तर १ टक्का. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर कापला जातो, हे त्यांच्या अकाउंटंटला बिल देतानाच सांगा.

कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, हे फॉर्म २६एएसमध्ये दिसतं. एका बिल्डरने सॅम्पल फ्लॅटच्या फीतून माझे १४,००० कापले आणि वर्षभर ते कुठेच दिसेनात. मी ते जुलैत पाहिलं, तोवर त्यांचा अकाउंटंट नोकरी सोडून गेला होता. पैसे जमा व्हायला आणखी सात महिने आणि बारा मेल लागले. तेव्हापासून मी ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात २६एएस उघडते, कारण तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं त्याआधीच्या महिनाअखेरीस भरायची असतात. त्याच बैठकीत फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, मागून घ्यायचा.

कंपन्यांकडून पैसे उशिरा येतात, त्यावर उपाय म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती फुकट आहे. नोंदणी क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकवली तर देणाऱ्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही.

सातवी पायरी: जीएसटी आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर

सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की ३० दिवसांत जीएसटी नोंदणी करावी लागते. दर १८ टक्के. मर्यादा आर्थिक वर्षातल्या एकूण बिलांवर मोजतात, नफ्यावर नाही. मी दर महिन्याला एप्रिलपासूनची बेरीज कागदावर लिहून टेबलासमोर लावते, आणि १६ लाख झाले की नव्या ग्राहकाच्या कोटेशनमध्ये "जीएसटी लागू झाल्यास वेगळा" ही ओळ घालते. ती ओळ राहिली तर १८ टक्के स्वतःच्या फीतून जातात.

सेवेच्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो. बिल आधी केलं आणि पैसे सहा महिन्यांनी आले, तरी कर बिलाच्या तारखेप्रमाणेच भरायचा. म्हणून हप्ता मागताना प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा आणि खरं बिल पैसे येताना करा, मात्र काम पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत बिल व्हायलाच हवं.

पुण्यात बसून पणजीतल्या फ्लॅटचं डिझाइन केलं तर सेवेचं ठिकाण ती मालमत्ता जिथे आहे तिथलं धरतात, म्हणून बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) येतो. परराज्यातलं सेवेचं काम केलं म्हणून २० लाखांच्या आत नोंदणी करावी लागत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक छोटा कर आहे तो बहुतेक जण विसरतात. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने पीटीईसी नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरायचा असतो, साधारणपणे ३० जूनपर्यंत. महाजीएसटीच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांचं काम आहे. नोंदणी उशिरा केली तर मागच्या वर्षांचा कर व्याजासकट भरावा लागतो.

आठवी पायरी: १५ मार्च

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो. पूर्ण हिशेब ठेवणाऱ्यांना चार हप्ते आहेत: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. फक्त ४४एडीएचं उत्पन्न असेल तर एकदाच, १५ मार्चपर्यंत. वरच्या उदाहरणात ३० लाखांच्या फीपैकी ८ लाखांवर टीडीएस कापला असेल तर ८०,००० आधीच जमा आहेत. राहिले २९,२००. ते १५ मार्चला कराच्या खात्यातून भरायचे. राहून गेलं तर दरमहा १ टक्का व्याज.

मी १ मार्चला बसते. वर्षाची फी, २६एएसमधला टीडीएस, मार्चअखेर येऊ शकणारे हप्ते आणि मुदत ठेवींचं व्याज, एवढे चार आकडे पुरतात.

विवरणपत्र भरताना

फक्त ४४एडीएचं उत्पन्न आणि एकूण ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. टर्नकीचे पूर्ण हिशेब किंवा शेअर्सचा अल्प मुदतीचा नफा असेल तर आयटीआर-३. भरण्याआधी एआयएस (आयकर खात्याकडे असलेली आपल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी) डाउनलोड करून आपल्या तक्त्याशी एकेक ओळ ताडून पाहा. कंपनीने मार्चमध्ये बिलावर टीडीएस कापला आणि पैसे एप्रिलमध्ये दिले, तर नोंद जुन्या वर्षात दिसते आणि जमा नव्या वर्षात. अशा बिलांची यादी करून सीएंना द्या, म्हणजे उत्पन्न आणि त्याचा टीडीएस एकाच वर्षात धरला जाईल.

सीएंना मी एक फोल्डर पाठवते: कामाच्या आणि कराच्या अशा दोन्ही खात्यांची स्टेटमेंट, बिलांची यादी साइटनिहाय, खर्चाचा तक्ता, १६ए, आणि ग्राहकाच्या वतीने केलेल्या खरेदीचे लेखी कागद वेगळ्या पाकिटात. विवरणपत्र गेलं की ३० दिवसांत ई-पडताळणी करायची, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होते. ती झाल्याचा मेल आला की त्याची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवून मी नव्या वर्षाचा तक्ता उघडते.